कुठला दम?

“आणि आला बुडबुडा, तर?”

“तर ही मिशी काढून तुझ्या टेबलावर ठेवतो.”

झालं. लागली पैज.

लावली इंद्रजित खराडेनं. इंद्रा म्हणजे फुफ्फुसाची ऑपरेशनं शिकायला आलेला डॉक्टर. मिशीला पीळ, आणि चाल अशी की पांढऱ्या कोटाची टोकं मागं उडायची, जणू कुणीतरी पंखा घेऊन पाठीमागं पळतंय. विचारणारी होती प्राची तोडकर. तीही तेच शिकायला आलेली. पण तिला मिशी नव्हती, म्हणजे गमवायला काही नव्हतं, म्हणून तीच जास्त बोलत होती.

“आणि नाही आला, तर मी सगळ्या वॉर्डासमोर तुझ्या त्या डिंकाला ‘श्री इंद्रजित लेप’ म्हणेन. हात जोडून.”

“उदबत्ती पण.”

“बरं बाबा, उदबत्ती पण.”

आता हा डिंक म्हणजे काय, तेवढं सांगायला पाहिजे.

फुफ्फुसाचा खराब तुकडा कापून काढला की उरलेल्या फुफ्फुसाला टाके घालतात. टाका म्हटला की सुईचं भोक आलं. भोक आलं की वारा सुटला. आणि फुफ्फुसातून वारा सुटला तर ते काही हसायचं काम नसतं. तो छातीत साठतो, फुफ्फुसाला दाबतो, आणि माणूस जातो.

म्हणून छातीत एक नळी घालून ठेवतात. नळीचं दुसरं टोक खाली बाटलीत. बाटलीत पाणी. पेशंटला म्हणायचं, खोका. खोकल्यावर पाण्यात बुडबुडे आले तर फुफ्फुस अजून गळतंय. नाही आले तर बुजलं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात ना, तसंच. फक्त ही ट्यूब मधेच चहा मागते.

तर त्या भोकांवर फासायला एक नवीन औषध आलं होतं. फासलं की रबरासारखं धरून बसायचं. कागदावर त्याचं नाव सीलंट. वॉर्डात सगळे डिंकच म्हणायचे. ते खरंच चालतं का, हे बघायचं काम मुजावरसरांनी हातात घेतलं होतं. पेशंटला सगळं समजावून, त्यांची हो-ना घेऊन, चिठ्ठी टाकायची. काहींना डिंक, काहींना नुसते टाके. मग रोज खोकायला लावायचं आणि बघत बसायचं.

बघत बसण्यात मुजावरसरांचा हात कुणी धरला नसता.

सर म्हातारे, सडपातळ, पांढरी दाढी. मिरजेच्या अलीकडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात पेशंटशेजारी स्टूल ओढून बसायचे आणि बाटलीकडं बघत राहायचे. भात उतू जाईल म्हणून आई पातेल्याकडं बघते तसे. बोलणं कमी. पोरं पाठीमागं त्यांना बाटलीबाबा म्हणायची. नव्या पेशंटच्या नातेवाइकांना वाटायचं, डॉक्टर पितात की काय...

चाचणी माणसांवर सुरू व्हायच्या आधी सरांनी ती बकऱ्याच्या फुफ्फुसावर केली होती. खाटकाकडून फुफ्फुस आणलेलं, टबात पाण्याखाली बुडवलेलं, त्यावर चीर दिलेली आणि चिरेवर डिंक. इंद्राच्या हातात हवेचा पंप.

“टिकलं सर!”

“अजून हवा.”

“टिकलं!”

“अजून.”

“सर, माणसाच्या छातीत एवढी हवा मावतच नाही.”

“अजून.”

फट्! टबातलं पाणी इंद्राच्या तोंडावर. मिशीचा एक पीळ उलगडला.

“फुटलं,” इंद्रा तोंड पाडून म्हणाला.

सरांचा चेहरा मात्र खुलला. “आता कळलं काहीतरी.”

“काय कळलं सर? डिंक वाईट आहे?”

सरांनी टॉवेल पुढं केला.

इंद्राला ते काही उमगलं नाही. त्याला एवढंच कळलं की दिल्लीच्या परिषदेत ह्या डिंकावर आपण बोलायचंय. सरांनीच सांगितलेलं. आणि बोलायचं तर डिंक जिंकला पाहिजे. हरलेल्या डिंकावर बोलायला कोण बोलावतं?

तर पैज लागली ती बिरूनाना वाघमोड्यांच्या बाटलीवर.

बिरूनाना धनगर, जतच्या बाजूचे. मेंढरं, कुत्री, माळरान, यातच आयुष्य गेलं. कुत्र्या-मेंढरांच्या संगतीत फुफ्फुसात पाण्याची गाठ होते, तशी त्यांना झालेली. नारळाएवढी. ती काढली. त्या जागेला चिठ्ठीत डिंक निघाला, आणि तो फासला इंद्रानं स्वतःच्या हातानं.

प्राची म्हणाली होती, “असल्या गाठीच्या जागेला तुझा डिंक टिकायचा नाही. सोमवारी सर राउंडला आले की नानांना खोकायला लाव. बघू.”

“लाव म्हणजे? लावतोच!”

म्हणून ती पैज.

रविवारी दुपारी वॉर्ड पेंगत होता. इंद्रा हळूच नानांच्या खाटेपाशी आला. परीक्षेआधी पेपर बघून घ्यावा, ही त्याची शाळेपासूनची सवय.

“नाना, खोका बरं जरा.”

नाना खोकले.

बुडबुड बुडबुड बुडबुड... एकटा-दुकटा नाही. वरातीसारखे रांगेनं आले.

इंद्रा बाटलीकडं बघतच राहिला.

“काय झालं वो डाक्टर? बिघडलं का काय?”

“नाही, नाही.”

“मग त्वांड का असं केलंया?”

“उद्या मोठे सर येतील, नाना. ते पण खोकायला सांगतील.”

“मग खोकू की.”

“ते बाटलीत बघणार.”

“बघू द्या की.”

“बुडबुडा आला तर नळी राहणार. अजून काही दिवस.”

“आन् न्हाई आला तर?”

“नळी निघेल. मग घरी.”

दिवाळी तोंडावर आलेली. दिवाळी झाली की मेंढरं खाली नदीकाठाला चरायला निघतात. नाना पोरगेले होते तेव्हापासून त्यांच्याशिवाय मेंढरं निघाली नव्हती.

इंद्रा उठला. दारापर्यंत गेला. परत आला. इकडं तिकडं बघितलं आणि नानांच्या कानाशी वाकला.

“नाना... उद्या जरा दम धरा.”

नाना त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांत चमक आली.

“दम? मला सांगता व्हय दम? अवो, हुतुतूत मी दम घुमवायला लागलो की समदा माळ गप व्हायचा. अंगावर ढीगभर गडी पडायचं, पर रेघंला हात लागंस्तोवर दम सोडला न्हाई कधी.”

“तसं नाही नाना, मी म्हणतोय ते...”

“कळलं, कळलं. हे बघा.”

आणि नानांनी करून दाखवलं. तोंड वाकडं, गळ्याच्या शिरा तट्ट, आणि “ह्यॅक्! ह्यॅक् ह्यॅक्!” असा खोकला की शेजारचा पेशंट दचकून उठला. पण सगळा कारभार गळ्यातच. छाती दगडासारखी. खाली बाटलीतलं पाणी... ढिम्म.

इंद्रानं ते बघितलं. बघून त्याला म्हणता आलं असतं, नाना, असं नाही करायचं. हे बरं नाही. तुमच्या जिवाशी खेळ होईल.

तो म्हणाला, “आवाज जरा कमी.”

सोमवारी सर आले. मागं सगळी पोरं. प्राचीनं कुठून तरी खरोखरची उदबत्ती आणली होती. कोटाच्या खिशातून तिची काडी डोकावत होती.

“काय बिरूनाना, कसं काय?”

“झकास हाय साहेब.”

“खोका.”

नाना खोकले. खिडकीवरची कबुतरं उडाली. पाणी हललं नाही.

सर बघत राहिले.

“अजून एकदा.”

अजून एकदा. पाणी थंड.

सरांनी बाटलीवरची नजर काढली आणि इंद्राकडं वळवली.

“काल बघितलं होतंस?”

“हो सर.”

“होते बुडबुडे?”

“नव्हते सर.”

सरांनी सकाळचा एक्स-रे उजेडाकडं धरला. फुफ्फुस फुललेलं होतं. “काढ मग नळी,” म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडं गेले.

प्राचीनं हात जोडले. “श्री इंद्रजित लेपाय नमः.” पोरं खिदळली. सिस्टरनं डोळे वटारले. इंद्रानं नळी काढली, पट्टी लावली. वर बघितलं तर नानांनी त्याला डोळा मारला.

इंद्रानंही मारला.

दुपारी कँटीनमध्ये तो हातवारे करून सगळ्यांना सांगत होता. डिंक कसा फासायचा, कुठं जास्त, कुठं कमी. ऐकणाऱ्यांचे वडे गार झाले. तेवढ्यात वॉर्डातून हाक आली.

नाना ओळखू येत नव्हते.

मान फुगलेली. गाल फुगलेले. डोळे फुगून मिटत आलेले. इंद्रानं मानेला बोट लावलं आणि कातडीखाली कुरकुरलं... ओंजळीत चुरमुरे चुरडल्यासारखं. वारा. बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून मिळेल तिकडं शिरलेला.

सर पळत आले. त्या वयात पळत आले. पुन्हा जागा बधिर केली, पुन्हा नळी घातली, आणि बाटलीतलं पाणी असं उसळलं की बाटली फरशीवर थरथरली.

नाना काहीतरी पुटपुटत होते. आवाज चिरका, पोरासारखा झालेला. इंद्रा वाकला.

“डाक्टर... खराच खोकला आला वो. न्हाई थांबला... दम सुटला माझा.”

“बोलू नका नाना.”

“तुमास्नी... तोंडावर पाडलं मी...”

नाना वाचले. वाचले म्हणजे जीव राहिला. ताप आला. मग छातीत पू झाला. नळी बाहेर यायचं नाव घेईना. दिवाळी वॉर्डातच झाली. कुणीतरी खिडकीत पणती ठेवलेली. नंतर एक दिवस त्यांची लेक मंगल येऊन खाटेच्या कडेवर बसली, आणि कुणीही न विचारता म्हणाली, “गेली मेंढरं, आबा. शेजारचा दाजीबा घेऊन गेला.”

“कुत्री?”

“ती बी गेली.”

“मोती गेला?”

“जात नव्हता. बांधून नेला.”

नाना बरं म्हणाले.

ते उठून व्हरांड्यापर्यंत जायला लागले तेव्हा मधे दोन-तीनदा बसायला लागायचं. फुफ्फुसाचा खालचा भाग दबला तो दबला. तो आता उघडणार नाही, असं सर म्हणाले. इंद्रा रोज यायचा, पट्टी बदलायचा, आणि रोज नाना तेच म्हणायचे.

“माझंच चुकलं, डाक्टर. वय झालं. आता दम ऱ्हायला न्हाई.”

आणि इंद्रा रोज म्हणायचा, “असू दे नाना.”

असू दे! बघा म्हणजे. वर आणि मोठेपणानं माफी देऊन यायचा.

मनात त्याचं एक चालू होतं. आपण काय म्हणालो होतो? दम धरा. म्हणजे काय? धीर धरा. घाई करू नका. सगळे म्हणतात. रांगेत म्हणतात, पोराला म्हणतात. नानांनी भलतंच ऐकलं, त्याला आपण काय करणार? भाषाच तशी. हे तो स्वतःला इतक्या वेळा सांगायचा की सांगून सांगून थकायचा, आणि झोपल्यावर कानात यायचं... आवाज जरा कमी.

एक दिवस तो मिशी काढून आला.

प्राची बघतच राहिली. “अरे, पैज तू जिंकलास ना! त्या सकाळी तर एक पण नव्हता आला.”

“अशीच काढली.”

“विचित्र दिसतोयस. सोललेल्या बटाट्यासारखा.”

एरवी तो भांडला असता. आज तसाच पुढं गेला. त्याला वाटत होतं, सरांचं लक्ष जाईल. सर काहीतरी ओळखतील, विचारतील, मग आपण सांगू.

सरांचं लक्ष गेलं. त्यांनी वरच्या ओठाकडं जरा वेळ बघितलं.

“मिशीनं काय केलं होतं?” ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

मग ती बैठक झाली. दवाखान्यात जे बिघडलं ते सगळ्यांनी मिळून बोलायची बैठक. नानांची पाळी आली. इंद्रानं मनात वाक्य तयार ठेवलं होतं. सर, मला काहीतरी सांगायचंय. तेवढंच म्हणायचं, पुढचं आपोआप येईल.

तो उठणार, तेवढ्यात सर उठले.

“नळी काढ म्हणून मी सांगितलं. घाई झाली. चूक माझी.”

आणि बसले.

एवढ्या मोठ्या माणसाला कोण काय बोलणार? बाहेर आल्यावर प्राचीच्या डोळ्यांत पाणी. “मी उगाच पैज लावली रे. त्या नादात सगळ्यांनाच घाई झाली. माझ्यामुळंच झालं ते.”

“हं,” इंद्रा म्हणाला.

जो तो दोषाचं माप आपल्या पदरात घेऊन चालला होता. आणि ज्याचं होतं तो हं म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सरांकडं गेला. सर मागच्या खोलीत टब घासत होते. पुन्हा बकऱ्याचं फुफ्फुस आणायचं होतं. डिंक कुठं सुटला ते बघायला.

“सर, डिंकच वाईट असेल का?”

“असेल.”

“गाठीची जागा फार खडबडीत होती.”

“होती.”

“आणि नाना थोडं... म्हणजे त्यांनी नीट खोकलंच नाही त्या सकाळी. गळ्यातल्या गळ्यात खोकले.”

सरांचा हात थांबला.

“तुला कसं कळलं?”

“सर, मी त्यांना फक्त दम धरा म्हणालो होतो.”

“कुठला?”

“सर?”

“मराठीत दम पुष्कळ आहेत. तू कुठला म्हणालास?”

इंद्रानं तोंड उघडलं. ते रोजचं, घोटून पाठ केलेलं उत्तर जिभेवर होतं. धीर. धीर म्हणालो सर. एवढाच शब्द.

नळ गळत होता.

“...श्वासाचा.”

सरांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

मग सगळंच आलं. रविवारची दुपार. बुडबुड्यांची वरात. नानांनी करून दाखवलेला खोकला. आवाज जरा कमी. राउंडला विचारलेलं आणि दिलेलं खोटं उत्तर. पैज. मिशी. उदबत्ती. बोलता बोलता त्याला ते सगळं इतकं फालतू वाटायला लागलं की आवाज बारीक होत गेला.

सर तिथंच टबाच्या काठावर बसले. चष्मा काढला, ओल्या हातानं पुसायला लागले. तो जास्तच ओला झाला.

“बाटलीवर माझा विश्वास बसत नव्हता त्या दिवशी,” ते हळू म्हणाले. “पाणी जरा जास्तच शांत होतं. म्हणून तुला विचारलं. तुझ्या शब्दावर नळी काढली मी.”

इंद्राला वाटलं, सरांनी ओरडावं. कानाखाली द्यावी. सर ओरडत नव्हते. चष्मा पुसत होते.

“मला शिक्षा करा सर. चाचणीतून काढा. दिल्लीला मी जात नाही.”

“ते सगळं होईल. चाचणीवर नजर ठेवणाऱ्या समितीला आजच कळवावं लागेल. तू काय केलंस, मी काय केलं, सगळं. नानांचा निकाल ‘डिंक फुटला’ असाच जाईल. आणि तू बघितलेले बाकीचे सगळे पेशंट दुसऱ्या कुणालातरी पुन्हा तपासावे लागतील.”

“बाकीच्यांत मी काही केलं नाही सर. शपथ.”

“असेल.”

इंद्रानं तो ‘असेल’ ऐकला. कालपर्यंत सर त्याच्या नुसत्या ‘नव्हते सर’वर माणसाच्या छातीतली नळी काढत होते.

“सर, तो डिंक हरला असता तर मला...” तो बोलता बोलता थांबला.

“हरला असता तर मी टॉवेल दिला असता,” सर म्हणाले.

इंद्रा रडायला लागला. सोललेल्या ओठावरून पाणी तोंडात जात होतं. “चुकलं सर. माफ करा मला.”

“मला काय सांगतोस? मी कुठं फुगलो होतो?”

ते उठले आणि चालायला लागले. वॉर्डाकडं. इंद्रा मागोमाग. कोट उडत नव्हता.

नाना खाटेवर टेकून बसले होते. मंगल त्यांना ताकभात भरवत होती. इंद्राला बघून नाना नेहमीसारखे हसले.

“या डाक्टर. आज व्हरांड्यापतूर गेलो बरं का. एकदाच बसलो.”

“नाना...”

“बसा की. मंगल, सरक जरा.”

“नाना, तुमचा दम सुटला म्हणून नाही झालं ते.”

“आता किती येळा सांगायचं तुमास्नी, वय झालंया माझं...”

“नाही नाना. ऐका. रविवारीच गळत होतं. बुडबुडे मी बघितले होते. ती नळी काढायचीच नव्हती. मला माहीत होतं. तुम्ही खोटं खोकताय, ते पण माहीत होतं. मीच शिकवलं. आणि सरांनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं.”

मंगलचा हात हवेतच राहिला.

“का?” तिनं विचारलं. नानांनी नाही.

“पैज लागली होती.”

“कसली पैज?”

इंद्राला वाटलं जमीन फाटावी. “...मिशीची.”

मंगलनं भाताचा घास परत ताटलीत ठेवला. हळू, जणू आवाज झाला तर काहीतरी फुटेल.

नाना इंद्राकडं बघत होते. त्याच्या तोंडाकडं, त्या उघड्या ओठाकडं. बराच वेळ. तेवढे दिवस म्हातारा स्वतःला दोष देत पडला होता. कुत्र्याला बांधून नेलं ते ऐकूनही बरं म्हणाला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर इंद्राला बरं वाटलं असतं. राग आला नाही. काहीतरी आलं आणि गेलं, आणि नानांनी तोंड खिडकीकडं फिरवलं.

इंद्रानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

नानांनी पाय घोंगडीत ओढून घेतले.

इंद्रा तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला. डोळे पुसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला छाती मोकळी वाटत होती. सांगून झालं होतं. एकदाचं सगळं सांगून झालं. तो वळला आणि दाराकडं निघाला.

दारात सर उभे होते. बाजूला झाले नाहीत.

“सर, मी सांगितलं सगळं.”

“ऐकलं.”

“मग जाऊ?”

सर त्याच्या खांद्यावरून आत बघत होते, खिडकीकडं तोंड केलेल्या म्हाताऱ्याकडं.

“चाललास कुठं? नाना अजून बोलले नाहीत.”